मीठ बाटलीला चिकटलं म्हणून मका दिला नाही : अमळनेरच्या एका सेंद्रिय धान्य-पशुखाद्य दुकानाचा दोन वर्षांचा अनुभव

गेल्या आषाढात मी दोन पोती मका घ्यायला दुकानात गेले होते. दुकानदार बापूंनी पोत्याची सुतळी सोडली, हात कोपरापर्यंत आत घालून तळातले मूठभर दाणे काढले आणि काचेच्या एका कोरड्या बाटलीत टाकले. वर दोन चमचे मीठ. मीठही साधं नाही, सकाळीच तव्यावर परतून झाकून ठेवलेलं, कारण पावसाळ्यात मिठालाच पाणी सुटतं. मग दोन-तीन मिनिटं बाटली हलवत उभे राहिले. थांबून उजेडाकडे धरली तर मिठाचे कण काचेला आतून चिकटलेले. दाणा कोरडा असता तर मीठ खाली मोकळं पडलं असतं. चिकटलं म्हणजे दाण्यात शंभराला पंधराच्या वर ओल आहे.

"मक्का ओला शे, मावशी. देवाव नही."

मला तेव्हा राग आला होता, खोटं कशाला सांगू. अकरा किलोमीटर अ‍ॅपेत बसून आले होते, घरी दोन म्हशी दुधात, आणि दुकानदार समोर असलेला माल विकायला नाही म्हणतो. त्यांच्याकडे ओलावा मोजायचं यंत्रही आहे. तेही लावून दाखवलं, आकडा सोळाच्या वर होता. मक्याऐवजी त्यांनी बाजरीची कणी आणि हरभऱ्याची चुनी (डाळ भरडताना उरणारा चुरा) घालून मिश्रण बसवून दिलं. मका मिळाला तो कार्तिकात, नव्या पिकाचा, वाळवून आलेला.

हा अनुभव सविस्तर लिहिते आहे, कारण आमच्याकडच्या बऱ्याच बाया-बापड्या मला विचारतात की एवढे जास्त पैसे देऊन तिथून का घेतेस. दोन वर्षं झाली, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तिसरं लागेल. बरं-वाईट दोन्ही सांगते.

आधी माझी गरज काय ते सांगायला हवं. आमचं गाव बोरी नदीकाठचं. घरी दोन म्हशी, एक गावरान गाय. शेजारच्या दोघींना घेऊन मी उन्हाळ्यात बिबडे (ज्वारीचे पापड) आणि उडदाचे पापड करते, आणि बारा महिने कळण्याचं, म्हणजे ज्वारी-उडदाचं पीठ दळून देते. सुरतेला, नाशिकला, पुण्याला गेलेली आपली माणसं मागवतात. म्हणजे मला माणसाच्या पोटाचं धान्य लागतं आणि जनावराच्या पोटाचं खाद्यही. दोन्ही एका छताखाली आणि तेही बिनफवारणीचं मिळेल असं दुकान मला अमळनेरात हे एकच सापडलं. धुळे रस्त्याला पत्र्याचं मोठं शेड आहे, बाहेर पाटी लहानशी आहे, पहिल्यांदा जाणारा पुढे निघून जातो. बापू, वहिनी आणि बापूंच्या आई, ज्यांना सगळे जिजी म्हणतात, अशी तिघं मिळून चालवतात.

आत गेल्यावर डाव्या हाताला काळा फळा आहे. त्यावर खडूने आज काय आहे आणि काय नाही ते लिहिलेलं असतं. मी नेहमी आधी "नाही"ची बाजू वाचते. ज्येष्ठात तिथे लिहिलेलं असतं : दादर (आमच्याकडची ज्वारी) नाही, कडबा नाही, तीळ नाही. भाद्रपदात नवे मूग-उडीद येतात, त्यापाठोपाठ बाजरी आणि तीळ. दिवाळीच्या पुढेमागे मका आणि भुईमूग. संक्रांतीनंतर तूर, मग हरभरा, दादर आणि सगळ्यात शेवटी गहू. वर्षभर सगळं हवं असणाऱ्याला हे दुकान जमायचं नाही. शहरातल्या पॅकबंद दुकानात बारा महिने बारा डाळी रांगेत असतात. इथे तुम्हाला वर्षाचा हिशोब करून, ज्या महिन्याचं त्या महिन्यात भरून ठेवावं लागतं. आमच्या सासूबाई असंच करायच्या. माझ्या पिढीनं ते सोडलं होतं.

धान्य आणि पशुखाद्य या दोन गोष्टी एकत्र का विकतात हे मला सुरुवातीला कळलं नव्हतं. मला वाटायचं दोन वेगळे धंदे आहेत. पण एकावर दुसरा उभा आहे. तूर भरडून डाळ केली की चुनी उरते, हरभऱ्याचंही तसंच. गहू चाळला की बारीक दाणा आणि दळला की कोंडा. तीळ आणि शेंगदाणे घाण्यावर गेले की पेंड. भाकरीसाठी धान्य चाळताना खाली पडलेली कणी. हे सगळं फुकट गेलं तर सेंद्रिय धान्याचा भाव कुणालाच परवडणार नाही. तेच गोठ्यात गेलं की दोन्हीकडचा भाव जरा आवाक्यात येतो. म्हणून खाद्यही हंगामाप्रमाणे बदलतं : माघ-फाल्गुनात चुनी मुबलक, दिवाळीनंतर पेंड ताजी, आणि आषाढ-श्रावणात सगळ्याचीच ओढाताण.

आता सरकीचं, म्हणजे कापसाच्या बियांचं सांगते, कारण सगळ्यात जास्त प्रश्न मला त्यावरच येतात.

आपल्या खान्देशात म्हैस म्हटलं की सरकी पेंड. माझ्या वडिलांच्या गोठ्यापासून मी तेच पाहिलं. आणि या दुकानात सरकी पेंड मिळतच नाही. कापसाच्या मुलखात पशुखाद्याचं दुकान आणि सरकी नाही! मी पहिल्याच दिवशी विचारलं. बापूंनी सांगितलं ते असं. आपल्या देशात २००२ साली बीटी कापसाला परवानगी मिळाली आणि आता आपल्याकडे शिवारात उभा असलेला जवळजवळ सगळा कापूस बीटीच आहे. जनुक बदललेलं बियाणं सेंद्रियात चालत नाही, मग त्या सरकीची पेंडही चालत नाही. कुणी कापसावर एकही फवारणी केली नाही तरी बियाणं बीटीचं असेल तर ती पेंड सेंद्रिय म्हणून विकता येत नाही. देशी कापूस लावणारे इतके थोडे की त्यांच्या सरकीवर दुकान चालत नाही. म्हणून फळ्यावर सरकीचं नावच नाही.

मला ते पटलं, पण म्हशीला पटायला हवं ना. आमची डेअरी फॅट आणि एसएनएफवर (स्निग्धांश सोडून दुधातले बाकीचे घन घटक) पैसे देते. म्हशीच्या दुधाला ६ फॅट आणि ९ एसएनएफ धरून दर, वर गेलं तर वाढ, खाली गेलं तर कपात. मी सरकी बंद करून तीळ पेंड, शेंगदाणा पेंड, चुनी आणि कोंडा सुरू केला, तोही घाईने, चार दिवसांत. मोठीचं फॅट सातच्या वर असायचं, ते पंधरवड्यात साडेसहाच्या खाली आलं. घरात कुरकुर सुरू झाली. मुलगा म्हणाला, आई, तुझं सेंद्रिय तू खा, म्हशीला सरकी दे.

मी रागारागात दुकानात गेले. बापूंनी मला दोन प्रश्न विचारले. किती दिवसांत बदललं? आणि कुट्टी किती बारीक करता? पहिल्याचं उत्तर दिल्यावर ते म्हणाले, जनावराच्या पोटातले जंतू नव्या खाद्याला सरावायला दहा-पंधरा दिवस लागतात, जुनं थोडं थोडं कमी करत नवं वाढवायचं. हे त्यांनी मला आधीच सांगायला हवं होतं, असं मी तिथेच म्हटलं, आणि त्यांनी ते मान्य केलं. दुसरं मला नवीन होतं. आमच्या कडबाकुट्टी यंत्राची पाती इतकी जवळ लावलेली की कडबा भुशासारखा पडायचा. आम्हाला वाटायचं, बारीक केलं म्हणजे वाया जात नाही. पण फार बारीक चाऱ्यावर म्हैस रवंथ कमी करते आणि फॅट उतरतं. पाती सैल करून इंच-दीड इंचाचे तुकडे पडू द्या, म्हणाले.

घरी येऊन मुलानं पाती बदलली. त्या संध्याकाळी मी गोठ्यात बसून राहिले. कडब्याचे तुकडे दातांखाली कडाकडा वाजत होते, आणि नंतर मोठी डोळे अर्धवट मिटून किती तरी वेळ रवंथ करत बसली. असा आवाज आमच्या गोठ्यात बरेच दिवसांत आला नव्हता. महिन्याभरात फॅट पुन्हा सातपाशी आलं. सरकीच्या वेळेइतकं अगदी नाही, एखाद-दोन पॉइंटांचा (म्हणजे फॅटच्या एक-दोन दशांशाचा) फरक राहिला, तो मी धरून चालते. पण आधीच्या एका दुकानातून मी जी सरकी पेंड आणायचे तिच्यात भिजवल्यावर तळाशी वाळू आणि साल बसायची, ती कटकट कायमची गेली.

प्रमाण विचारतात म्हणून लिहून ठेवते. म्हशीला स्वतःच्या अंगासाठी दीड-दोन किलो आंबोण (पेंड-चुनी-कोंड्याचं खाद्य) आणि दर लिटर दुधामागे अर्धा किलो, हा पशुवैद्यकांचा नेहमीचा हिशोब बापू वापरतात. त्यात क्षार मिश्रण आणि मीठ वेगळं. तुमच्या म्हशीचं दूध विचारल्याशिवाय ते पोतं उचलून देत नाहीत.

आता ज्या गोष्टीमुळे मी हे दुकान सोडायच्या बेतात होते ती. पहिल्याच वर्षी श्रावणात कानबाईच्या सणाच्या गडबडीत मी तयार मिश्रणाचं पन्नास किलोचं पोतं आणलं. वरचं अर्धं छान होतं. आठव्या-नवव्या दिवशी धाकटी म्हैस घमेल्यात तोंड घालायची आणि मागे घ्यायची. मी पोत्यात हात घातला तर खालचा भाग गरम. बाहेर काढला तर ढेकळं, आणि ढेकूळ फोडल्यावर आत हिरवट-पिवळी बुरशी, जुन्या बंद खोलीसारखा वास. म्हशीनं दोन दिवस अंग टाकल्यासारखं केलं, दूध चार दिवस दोन लिटरनी कमी. डॉक्टरांना बोलवावं लागलं.

बुरशीचा प्रकार हलका घेऊ नका. मका, शेंगदाणा पेंड यांना ओल लागली की जी बुरशी चढते तिच्यातून अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं, ते जनावराच्या यकृताला बाधतं आणि दुधातही उतरतं. दूध उकळून ते जात नाही. आणि माल सेंद्रिय आहे म्हणून बुरशी चढणार नाही असं काही नाही, बुरशीला काय, ओल मिळाली की पुरे.

मी फोन केला तेव्हा जोराचा पाऊस होता. बापू संध्याकाळी मोटरसायकलवर रेनकोट घालून आले. पोतं उपडं करून पाहिलं, ढेकूळ नाकाशी धरलं, आणि पहिलं वाक्य बोलले ते, "आमनीच चूक शे." त्यांच्या शेडच्या मागच्या भिंतीला पत्रा गळत होता आणि थप्पी जमिनीवर भिंतीला टेकून होती. पैसे परत दिले, पोतं घेऊन गेले. त्याच रात्री त्या दिवशीच्या मिश्रणाची पोती ज्यांनी ज्यांनी नेली त्यांना वहिनींनी वहीत बघून फोन केले. आमच्या गावातल्या आणखी एका घरी फोन आला, म्हणून मला हे कळलं. डॉक्टरांचं बिल मात्र त्यांनी भरलं नाही. मी एकदा विषय काढला, ते गप्प राहिले, मीही पुढे ताणलं नाही. पण ते द्यायला हवं होतं, हे माझं मत आजही आहे.

पुढच्या पावसाळ्यात गेले तर थप्प्या लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब. मिश्रणाचं पोतं आषाढ ते भाद्रपद फक्त पंधरा किलोचं, आणि त्यावर भरल्याची तारीख निळ्या पेनानं. पंधरा दिवसांत संपेल एवढंच न्या, असं सांगतात. दर पंधरवड्याला खेप मारावी लागते, भाडं वाढतं, पण मी कुरकुर करत नाही. मक्याच्या बाटलीचा जो प्रसंग वर लिहिला तो याच दुसऱ्या पावसाळ्यातला. मला बाटली हलवणाऱ्या बापूंचा राग आला होता तेव्हा ते ढेकूळ मला आठवलं असतं तर आला नसता.

धान्यात टोके आणि सोंडे हे किडे होतात का? होतात. इथे गोळ्या ठेवत नाहीत, विषारी पावडर मारत नाहीत. धान्य कडक वाळवतात, निंबाचा पाला सावलीत वाळवून पोत्यात घालतात, डाळींना एरंडेलाचा हात देतात. जास्त दिवस ठेवायचा माल हवाबंद प्लास्टिकच्या अस्तराच्या पिशवीत जातो, आत हवा उरली नाही की किडा गुदमरून मरतो. तरीही भाद्रपदात एकदा मला मुगात किडे सापडले. बदलून मिळाले. वैशाखात स्वतःच्या अंगणात दोन दिवस ऊन द्यायची तयारी असेल तरच वर्षाचं धान्य भरा. आपल्याकडे पंचेचाळीस अंशाचं ऊन असतं, त्याचा एवढा तरी उपयोग करून घ्या.

कागदपत्रांचं : दुकानाला माल देणाऱ्या शेतकऱ्यांच्या गटाकडे पीजीएस-इंडिया या सरकारी सेंद्रिय योजनेचं प्रमाणपत्र आहे. त्यात गटातलेच शेतकरी एकमेकांची शेतं तपासतात. अशा एका तपासणीला मी वहिनींबरोबर चोपड्याकडच्या एका शेतात गेले होते. बांधावरचं शेजारचं शेत रासायनिक होतं, म्हणून कडेच्या चार ओळींचा माल वेगळा काढायला लावला, आणि तो शेतकरी नात्यातला असूनही कुणी ढील दिली नाही. रासायनिक सोडून नुकतेच इकडे वळलेले शेतकरी असतात त्यांचा माल "पीजीएस ग्रीन" म्हणून वेगळ्या रांगेत, पूर्ण झालेल्यांचा "पीजीएस ऑरगॅनिक" म्हणून वेगळ्या. भावही वेगळा. तुम्ही मागितलं नाही तरी फळ्यावर ते लिहिलेलं असतं. तूरडाळ कधीकधी नवापूरकडून येते. ती शिजायला सोपी आणि वासाला अशी की फोडणी न देताही भातावर घ्यावी.

आणि दादर. खरं तर मी या दुकानाशी बांधले गेले ती दादरमुळे. पाणी न देता, पावसाळ्यात काळ्या भारी जमिनीनं पिऊन ठेवलेल्या ओलीवर तापीकाठी येणारी ही ज्वारी. कळण्याला मी चार पायली दादर आणि एक पायली काळे उडीद घेते, जाडसर दळते. दादरचं पीठ परातीत मळताना हाताला चिकटत नाही आणि भाकरी थापताना कडा फाटत नाहीत. बाजारातल्या संकरित ज्वारीचा कळणा मी एकदा नाइलाजाने पाठवला होता तर सुरतेच्या एका गिऱ्हाईक ताईंनी फोन करून विचारलं, "यंदा काय बदललं?" खाणाऱ्याला कळतं. आणि तिचा कडबा! माणसाच्या डोक्याच्या वर जाणारं ताट, चघळलं तर गोडसर. शेकड्यावर विकतात, फाल्गुनात घेतला तर बरा, ज्येष्ठात बाहेर घ्यायला गेलात तर डोळे पांढरे होतात.

भाव बाजारापेक्षा जास्त आहे. धान्याला किलोमागे दहा ते पंधरा रुपये, खाद्याला त्याहून कमी. उधारी नाही. हंगामात आगाऊ पैसे भरून नाव नोंदवलं तर थोडा कमी भाव लावतात. उन्हाळ्यात दुपारी एक ते चार बंद. गावोगाव गाडी फक्त मंगळवारी आणि तीही पाच पोत्यांच्या वर असेल तर. रिकामं पोतं परत केलं नाही तर पैसे लावतात, ते मला योग्य वाटतं. फोन मात्र वहिनींनाच करा, बापू उचलत नाहीत.

यंदा फाल्गुनात दादर कापणीला आली आणि अवकाळी पाऊस पडला. दोन दिवस पडला, पण कणसात दाणा भरलेला असताना पडला. मी आठवड्यानं गेले तेव्हा जिजी शेडच्या दारात सुपात दाणे घेऊन बसल्या होत्या. मोत्यासारखा पांढरा दाणा असायचा, त्याच्या टोकाला काजळ लागल्यासारखं झालेलं. बुरशी चढलेली कणसं त्यांनी आधीच वेगळी काढून खताच्या खड्ड्यात टाकली होती, जनावरांच्या खाद्यातही घातली नव्हती. उरलेल्याबद्दल फळ्यावर लिहिलं होतं : "दादर काळसर आहे. भाकरीला चालेल. बिबड्यांना रंग येणार नाही. भाव कमी केला आहे."

मी दोन क्विंटलची नोंदणी केलेली होती. बापूंनी स्वतःहून सांगितलं, बिबड्यांसाठी घेऊ नका, पैसे परत घ्या नाहीतर पुढच्या वर्षाला जमा ठेवा. मी दीड क्विंटलचे जमा ठेवले. त्यानंतर दोन दिवस बसून सगळ्या गिऱ्हाइकांना फोन केले की या उन्हाळ्यात बिबडे थोडेच होतील, ज्यांची नोंद आधी त्यांना आधी. वीसातल्या तिघींनी नाराजी दाखवली, बाकीच्या थांबायला तयार झाल्या.

पन्नास किलो घरच्या भाकरीला आणली. काल रात्री पहिली भाकरी टाकली. रंगाने सावळी आहे, पण फुगली छान, आणि ठेच्याबरोबर खाल्ली तेव्हा मुलानं दुसरी मागितली.